अंश आणि छेद

दारात चपला-बुटांचे नऊ जोड होते आणि घरमालक सांगत होते, ‘‘चारच पोरं राहतात, मॅडम.’’

रविवारची सकाळ होती. कुरुळीतली, महामार्गाच्या मागची एक गल्ली. दोन्ही बाजूंना दहा बाय दहाच्या खोल्या, वर पत्रा, मधून उघडं गटार. माझ्याबरोबर सोळा प्रशिक्षणार्थी होते. त्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांतले वैद्यकीय अधिकारी होते, आरोग्य सहायक होते, एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि एक पशुवैद्यकही होते. त्यांना दिलेलं काम ऐकायला अगदी किरकोळ होतं : या गल्लीत किती माणसं राहतात ते मोजून आणा. गल्लीत कुणी आजारी नव्हतं. एक तरुण डॉक्टर शेवटी बोललेच, ‘‘मॅडम, आम्ही साथीचा उद्रेक कसा शोधायचा ते शिकायला आलोय. ही तर शिरगणती झाली.’’

त्यांचा राग मला कळत होता. त्यांच्या वयाची असताना मीही हेच म्हटलं असतं. डॉक्टरला शिकवलं जातं ते समोरच्या खुर्चीतल्या माणसाकडे पाहायला. आजारी पडलेला तो अंश. त्याच्याबरोबर तेच पाणी प्यायलेले, तेच जेवण जेवलेले आणि तरी धडधाकट राहिलेले लोक दवाखान्याची पायरी चढतच नाहीत, म्हणून ते दिसत नाहीत. तो छेद. उद्रेकाचा तपास म्हणजे या छेदाला शोधायला बाहेर पडणं, आणि हे वैद्यकीय शिक्षणात आपोआप येत नाही. ते वेगळं शिकवावं लागतं.

मला ते उशिरा कळलं. कुरुळीत नव्हे, दुसऱ्या एका औद्योगिक गावात मी नोकरीला होते. दोन आठवड्यांत काविळीचे पाच रुग्ण आले. पाचही कामगार, पाचही एकाच वस्तीतले. मी प्रत्येकाला विचारलं, काल-परवा बाहेर काय खाल्लं होतं? कुणी वडापाव सांगितला, कुणी उसाचा रस. मी उसाच्या गाड्यावर संशय घेतला आणि कागदावर तसं लिहिलंही. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या ‘हिपॅटायटिस ई’ या काविळीचा अधिशयन काळ, म्हणजे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, साधारण दोन ते सहा आठवड्यांचा, कधी त्याहूनही जास्त असतो, हे मी परीक्षेत लिहून आले होते. पण त्याचा अर्थ, महिन्यापूर्वी कुठलं पाणी प्यायलात असं विचारायचं असतो, हे डोक्यात आलं नाही. वस्तीत मी गेले नाही. तीन आठवड्यांनी त्याच वस्तीतली आठव्या महिन्यातली एक बाई डोळे पिवळे घेऊन आली. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हा आजार झाला, तर चार-पाच जणींत एक दगावू शकते. मी तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. ती परत आली नाही. मग मी वस्तीत गेले. पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन गटारातून गेली होती आणि सांध्यापाशी गळत होती. चालत गेलं तर दवाखान्यापासून दहा मिनिटं.

म्हणून मी नव्या तुकडीला सगळ्यात आधी एक जुनं उदाहरण देते. जगभर हा विषय शिकवणारे ते देतात. न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगो परगण्यात एप्रिल १९४०मध्ये एका चर्चचं सामुदायिक जेवण झालं. ८० माणसं जेवली, त्यांतल्या ७५ जणांची चौकशी झाली आणि त्यांपैकी ४६ जण उलट्या-जुलाबांनी आजारी पडलेले आढळले. आता, आजारी पडलेल्या ४६ पैकी २९ जणांनी भाजलेलं हॅम खाल्लं होतं. मी होते तशी डॉक्टर असती तर तिने इथेच हॅमला फाशी दिली असती. पण तपास करणाऱ्यांनी आजारी न पडलेल्यांनाही तेच प्रश्न विचारले होते. हॅम खाणारे एकूण ४६, त्यांतले २९ आजारी, म्हणजे ६३ टक्के. हॅमला हातही न लावलेले २९, त्यांतले १७ आजारी, म्हणजे ५९ टक्के. खा नाहीतर खाऊ नका, फरक जवळजवळ नाहीच. मग व्हॅनिला आइस्क्रीम पाहिलं. खाणाऱ्या ५४ पैकी ४३ आजारी, जवळपास ८० टक्के; न खाणाऱ्या २१ पैकी फक्त तिघे, म्हणजे १४ टक्के. गुन्हेगार सापडला तो निरोगी माणसांच्या साक्षीने.

बाकीच्या पायऱ्या शिकायला सोप्या, पाळायला कठीण. आधी हा खरंच उद्रेक आहे का ते ठरवायचं, म्हणजे नेहमीपेक्षा रुग्ण जास्त आहेत का ते पाहायचं. त्यासाठी नेहमीचे किती, हे आधीच माहीत असावं लागतं. मग रुग्ण कुणाला म्हणायचं त्याची व्याख्या : कोणती लक्षणं, कोणत्या तारखेपासून, कोणत्या भागात. व्याख्या सैल ठेवली तर साधा सर्दी-पडसेवालाही यादीत येतो, फार आवळली तर खरे रुग्ण निसटतात. मग प्रत्येक रुग्णाची एक ओळ असलेली यादी, नकाशावर ठिपके आणि तारखेवार रुग्णसंख्येचा आलेख. आलेख एकदम उभा चढून उतरला तर बहुधा एकच जेवण किंवा एकदाच बिघडलेलं पाणी. लांबत, रेंगाळत गेला तर कारण अजून चालू आहे. आणि यातलं सगळं संपेपर्यंत थांबायचं नाही. पाण्याचा संशय आला की त्याच संध्याकाळी टीसीएल पावडर पडली पाहिजे आणि सकाळी नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट पिवळी आली पाहिजे. तपास पुरा करून मग उपाय, हा क्रम पुस्तकात शोभतो.

या शिक्षणाला संस्थेचं रूप आलं ते १९५१मध्ये. कोरियन युद्धाच्या काळात जैविक अस्त्रांच्या भीतीचा आधार घेऊन अलेक्झांडर लँगम्यूर यांनी अमेरिकेच्या अटलांटातल्या रोगनियंत्रण केंद्रात तरुण डॉक्टरांची दोन वर्षांची तुकडी सुरू केली. तिचं बोधचिन्ह आहे तळाला भोक पडलेला बूट. थायलंडने १९८०मध्ये तसा अभ्यासक्रम चालू केला. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००१मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०१२मध्ये. आता तीन पातळ्या आहेत : पहिली सुमारे तीन महिन्यांची, शेवटची दोन वर्षांची. सगळीकडे पद्धत एकच. वर्गात थोडे दिवस आणि बाकीचा काळ आपल्याच तालुक्यात, आपल्याच कामावर, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली. पोहायला पाण्यात उतरूनच शिकायचं. दोन लाख लोकसंख्येमागे असा एक प्रशिक्षित माणूस असावा, असं उद्दिष्ट जगभर मानलं जातं. २०११च्या शिरगणतीप्रमाणे पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख. म्हणजे नुसत्या आपल्या जिल्ह्याला ४७ माणसं हवीत, तीही २०११च्या पुण्यासाठी.

गणित शिकवता येतं. दार ठोठावणं शिकवणं त्याहून अवघड, आणि त्याचा धडा आपल्याच मातीत आहे. १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात घरोघर रुग्ण शोधण्याचं काम रँडच्या हाताखाली गोऱ्या सोल्जरांनी केलं. रुग्ण शोधणं, वेगळं करणं, घर निर्जंतुक करणं, यातलं बरंचसं त्या काळच्या शास्त्राला धरून होतं. पण देवघरात बूट गेले, बायकांना रस्त्यावर काढून तपासलं, आणि लोक रुग्ण लपवू लागले. पुढे २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं ते चिंचवडच्या चाफेकरांच्या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. मी प्रशिक्षणार्थींना त्यातलं एवढंच विचारते : लपवलेला रुग्ण तुमच्या यादीत कुठे येईल? आज सोल्जर नाहीत. पण ठेकेदाराकडच्या पोराला ताप आहे असं सांगितलं की हजेरी बुडते, कधी खोली सोडावी लागते. लपवायला एवढं कारण पुरतं.

चांगलं काम कसं दिसतं, तेही जवळच पाहायला मिळालं. जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये तापाचे रुग्ण वाढले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाच नमुने गेले, त्यांतले तीन चिकुनगुन्याचे निघाले. उत्तर मिळालं होतं; कोविडच्या त्या दिवसांत तिथेच थांबलं असतं तरी कुणी बोल लावला नसता. पण महिनाअखेरीस संस्थेचं पथक गावात गेलं आणि आणखी ४१ जणांचे नमुने घेतले. २५ चिकुनगुन्या, तीन डेंगी आणि एक झिका. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण असा सापडला.

दुसरं उदाहरण जानेवारी २०२५चं. गुलेन बारे सिंड्रोम, म्हणजे हातापायांतली शक्ती झपाट्याने जाणारा आजार, एरवी वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या रुग्णालयांत तो दिसू लागला. एका रुग्णालयाला आपल्याकडचे थोडे रुग्ण हा योगायोग वाटू शकतो. सगळ्यांच्या याद्या एकत्र ठेवल्या की किरकटवाडी, नांदेड, धायरी ही नावं पुन्हा पुन्हा येतात. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू मिळाला, संशय पाण्यावर गेला. फेब्रुवारीअखेर संशयित रुग्ण दोनशेवर गेले होते. पिंपरी-चिंचवडमध्येही काही निघाले.

आता कुरुळीकडे या. मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल ओलांडला की महापालिका संपते आणि खेड तालुका लागतो. इथे झोपणारा माणूस महाळुंग्यात काम करतो, वाटेत कुठेतरी जारचं पाणी पितो आणि आजारी पडला की पिंपरीत जातो, किंवा सरळ परभणीची गाडी पकडतो. त्याचा आजार मोजला गेलाच तर तिसऱ्याच गावाच्या नावावर. म्हणजे अंश निसटतो. आणि छेद? आशाताईंना साधारण हजार माणसांमागे एक असं नेमलं जातं, पण हाताशी असलेली शेवटची शिरगणती २०११ची. २०२१ची झालीच नाही. त्यानंतर आलेली खोल्यांची ही रांग कुठल्या हजारात धरायची? मतदार यादीत हे लोक नाहीत, रेशनकार्ड गावाकडे आहे. खोलीचा खरा आकडा घरमालक सांगत नाही, कारण विजेचं आणि पाण्याचं गणित बाहेर येईल. उद्या या गल्लीत वीस जणांना कावीळ झाली तर वीस भागिले किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. चाळिसातले वीस आणि चारशेतले वीस हे दोन वेगळे उद्रेक आहेत.

दुपारपर्यंत गल्लीचा आकडा घरमालकांच्या आकड्याच्या दीडपट झाला. सार्वजनिक नळावर कपडे धुणाऱ्या एक मावशी बराच वेळ आमची गंमत पाहत होत्या. म्हणाल्या, ‘‘आत्ता मोजून काय उपेग? राती दहानंतर या. तवा दुसरीच मान्सं असत्यात.’’

रात्री साडेदहाला आम्ही पुन्हा गेलो. सकाळी कुरकुरलेले डॉक्टर नऊ जोडांच्या खोलीत मांडी घालून बसले. दुसऱ्या पाळीवरून आलेला परभणीचा पोरगा नावं सांगत होता. चार जणांच्या त्या खोलीत अकरा नावं झाली; तिघे रात्रपाळीला गेले होते आणि त्यांच्याच अंथरुणावर हे झोपणार होते. डॉक्टरांनी तक्त्यातला पुढचा प्रश्न वाचला, ‘‘महिन्यापूर्वी प्यायचं पाणी कुठलं होतं?’’

‘‘महिन्यापूर्वी मी हितं नव्हतोच, सर.’’

डॉक्टर थांबले. मोबाइलच्या उजेडात त्यांनी तक्त्यावर पट्टीशिवायच एक नवा रकाना आखला, वर लिहिलं ‘इथे कधीपासून’, आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.