किल्लीबरोबर माहितीही द्या
(जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलीची घरगुती देखभाल)

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यांच्या घरी जुनी येझ्दी आहे. त्यांच्या वडिलांनी घेतलेली, अजूनही चालू स्थितीत. सुट्टीत आलेल्या पुतण्याने ती फिरवायला मागितली आणि काकांनी कौतुकाने किल्ली दिली. टाकीत पेट्रोल तळाला गेले होते. पुतण्याने पंपावर टाकी भरून घेतली आणि तो खानापूर रस्त्याला लागला. काही किलोमीटरवर इंजिनाचा आवाज एकदम जड झाला, गाडी कोणीतरी मागून ओढावी तशी अडखळली आणि मागचे चाक जागीच अडले. सुदैवाने वेग कमी होता, रस्ता मोकळा होता. मुलाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. इंजिन मात्र जाम झाले होते.

पुतण्याची चूक काय? त्याने नुसते पेट्रोल भरले. या गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. काकांना ते इतके अंगवळणी पडले होते की सांगण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नाही.

ही हकीगत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलांना सांगितली, तेव्हा "आमच्याकडेही आजोबांची गाडी आहे" असे सांगणारे हात वर झाले. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. विद्यार्थ्यांनी तो समजून घ्यावा आणि पालकांनी त्यांच्याबरोबर बसून वाचावा, अशी आमची इच्छा आहे.

गाडी आपल्याच राज्यातली

चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने म्हैसूर येथे 'आयडियल जावा' कारखान्यात १९६१ पासून मोटारसायकली बनू लागल्या. १९७३ पासून त्या 'येझ्दी' नावाने निघाल्या. १९९६ साली कारखाना बंद पडला. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी त्या कारखान्यातील सर्वांत नवी गाडीसुद्धा पंचवीस वर्षांहून जुनी आहे. २०२२ पासून येझ्दी नावाच्या नव्या गाड्या पुन्हा मिळू लागल्या, पण त्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालायचे नसते. नाव एकच असले तरी पोटातील यंत्र वेगळे आहे, हे आधी लक्षात ठेवावे.

पेट्रोलमध्ये ऑइल का?

फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल खाली साठलेले असते आणि तेथून ते सर्व भागांना मिळते. जुन्या येझ्दीच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये येते व तेथून वर सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे त्या जागी ऑइल साठवता येत नाही. पिस्टन, क्रँक आणि त्यांची बेअरिंगे यांना वंगण मिळते ते पेट्रोलमधून आलेल्या ऑइलचेच. ते नसेल तर पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो आणि अडकतो. मिस्त्री लोक यालाच 'सीज होणे' म्हणतात. गिअरबॉक्समधील ऑइल निराळे. ते भरलेले आहे म्हणून पिस्टनला वंगण मिळेल असे समजू नये.

किती ऑइल घालायचे ते गाडीच्या पुस्तिकेत गुणोत्तराने दिलेले असते. येथे आपले वर्गातले गणित उपयोगी पडते. १:२५ म्हणजे २५ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल. १ लिटर म्हणजे १००० मिलिलिटर, त्याला २५ ने भागले की ४० मिलिलिटर. म्हणून ५ लिटरला २०० मिलिलिटर. प्रमाण १:४० असेल तर लिटरला २५ मिलिलिटर पुरते. विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरच्या गाडीचे प्रमाण शोधा आणि १ ते १० लिटरपर्यंतचा तक्ता करून गाडी ठेवतो तेथे लावा.

ऑइल टू-स्ट्रोकसाठीचेच घ्यावे. आधी ऑइल व मग पेट्रोल ओतावे, म्हणजे ते चांगले मिसळते. गाडी काही दिवस उभी असेल तर किक मारण्यापूर्वी ती दोन्ही बाजूंना हलवून घ्यावी. "थोडे जास्तच घालू, काय बिघडते?" असे काही जण म्हणतात. बिघडते. प्लग काळा पडतो, धूर वाढतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचून गाडीचा जोर कमी होतो.

चालवताना आवाज जड होऊन गाडी ओढल्यासारखी वाटली तर ताबडतोब क्लच दाबावा, म्हणजे मागचे चाक मोकळे होते. मग कडेला थांबून इंजिन पूर्ण निवू द्यावे. गरम असताना किका मारत बसू नये.

आजचे पेट्रोल आणि कालची टाकी

२०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि आता बहुतेक पंपांवर तेच असते. जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. आपल्या बेळगावच्या पावसात गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी व इथेनॉल यांचा वेगळा थर बसू शकतो. या थरात ऑइल नसते, आणि पेट्रोलची नळी तर तळातूनच निघते! शिवाय टाकी आतून गंजते आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात वा त्यांना चिरा पडतात.

उपाय सोपे आहेत. गाडी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी. रोज गाडी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करावा. नळी कडक झाली असेल किंवा बोटाला चिकट लागत असेल तर बदलावी. कॉकची जाळी वरचेवर धुवावी.

गाडी सुरू होत नाही तेव्हा

घाईने सगळे खोलू नये. दोनच प्रश्न विचारावेत : पेट्रोल पोचते का? ठिणगी पडते का?

प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. कॉक, जाळी, नळी आणि कार्बोरेटरचा जेट या क्रमाने तपासावे. ओला व काळा असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होते आहे, किंवा ठिणगी पडत नाही. टोक बदामी रंगाचे असेल तर इंजिनाची तब्येत चांगली आहे. पांढरेफटक असेल तर इंजिन फार तापते आहे. अशा वेळी कोठून तरी फाजील हवा आत शिरते का, ते पाहून घ्यावे.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवतात आणि किक मारतात. हे काम मोठ्यांनीच करावे. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते, म्हणून प्लग भोकापासून दूर धरावा. ठिणगी नसेल किंवा अगदी पिवळट व अशक्त असेल तर आधी पॉइंट स्वच्छ करून त्यांमधील अंतर पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने लावावे. पुष्कळदा दोष एवढाच असतो.

चेन आणि ब्रेक

येझ्दीची चेन संपूर्ण पेटीत झाकलेली असते. त्यामुळे धूळ लागत नाही, पण नजरेआड असल्याने तिचा विसर पडतो. चेन किती सैल आहे हे चाक थोडे थोडे फिरवून अनेक जागी पाहावे, कारण ती सगळीकडे सारखी झिजत नाही. जेथे सर्वांत घट्ट लागेल तेथे माप घ्यावे. इंजिन चालू ठेवून चेनला हात किंवा फडके कधीही लावू नये. बोट जाण्यास क्षणही लागत नाही.

ब्रेकचे ड्रम उघडल्यावर आत काळी भुकटी दिसते. जुन्या ब्रेक शूंमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसांना घातक आहे. ही भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. शूला ग्रीस लागू देऊ नये.

घरी काय करू नये

इंजिन एकदा सीज झाले तर पुढचे काम लेथचे व जाणत्या मिस्त्रींचे. सिलिंडरचे बोअरिंग, क्रँकची बेअरिंगे व सीले यांचे प्रयोग घरी करू नयेत. स्वयंपाकघराजवळ किंवा देवघरातील दिव्याजवळ पेट्रोल उघडू नये. जुने ऑइल गटारात न ओतता डब्यात साठवून गॅरेजला द्यावे. कागदपत्रांकडेही लक्ष असावे. नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण करावे लागते.

त्या काकांची येझ्दी आता पुन्हा चालू झाली आहे. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसवावा लागला. इंजिन उघडले तेव्हा पुतण्या मिस्त्रींजवळ बसून होता. घासलेला जुना पिस्टन त्याने स्वतःजवळ ठेवला आहे. काकांनी किल्लीला पत्र्याची एक पट्टी अडकवली आहे. तिच्यावर रंगाने लिहिले आहे : 'पेट्रोलमध्ये ऑइल. लिटरला ४० मिलि.' आपल्या घरी अशी गाडी असेल तर पुस्तिकेतले प्रमाण पाहून आपणही अशी पट्टी करावी. पत्रा आणि रंग शाळेच्या कार्यशाळेत मिळेल.