पन्नीवर पेटलेली चूल

मैत्रिणींनो, पर्यावरण हा शब्द कानावर पडला की आपल्यातल्या निम्म्या जणींना वाटतं, हा काही आपला विषय नव्हे. तो मोठ्या शहरातल्या लोकांचा, नाहीतर पाच जूनला शाळेत भाषण करायला येणाऱ्या पाहुण्यांचा. पण जरा विचार करा. घरात काय शिजतं, कशावर शिजतं, उरलेलं कुठं जातं, किती पाणी मोरीत वाहून जातं, बाजारातून काय कशात बांधून येतं, हे सगळं ठरवतं कोण? आपणच ना! मग ह्या विषयावर पहिला हक्क आपलाच.

बचत गटाच्या कामानिमित्त आखाडा बाळापुरात आणि आजूबाजूच्या गावांत माझं घरोघर जाणं होतं. हिवाळ्यात सकाळी सहाच्या सुमाराला कुठल्याही गल्लीतून चालत जा, न्हाणीजवळ चूल नाहीतर बंब पेटलेला दिसतोच. घरात गॅस असतो, पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून अंघोळीचं पाणी चुलीवर. यात वावगं काहीच नाही. आमच्या भागात तुरीच्या तुराट्या आहेत, कापसाच्या पऱ्हाट्या आहेत, बाभळीचं जळण आहे. प्रश्न आहे तो चूल पेटवायची कशानं याचा. शंभरातल्या बहुतेक घरी एकच उत्तर, पन्नी! दुधाची पिशवी, चिप्सचं पाकीट, कॅरीबॅग आणि कधीकधी तुटकी चप्पलसुद्धा. काडी लावली की भर्रकन पेट घेते, फुंकणीनं फुंकत बसावं लागत नाही. "रॉकेल मिळत नाही आता, मग काय करावं माय?" असं मला एका मावशींनी विचारलं. त्यांचंही खरंच होतं.

पण ह्या पन्नीच्या धुरात काय असतं ते माहीत असायला हवं. साधी पिशवी अर्धवट जळते तेव्हा काजळी आणि तिच्यासोबत अपायकारक रसायनं बाहेर पडतात. चप्पल, वायरचं आवरण, रेक्झिन यांत बहुधा पीव्हीसी नावाचं प्लास्टिक असतं. ते जळताना घसा जाळणारा आम्लाचा वायू निघतो आणि डायॉक्सिन नावाचं विषही तयार होतं. हे विष हवेत विरून जात नाही. ते जमिनीवर, गवतावर बसतं, जनावराच्या चाऱ्यातून दुधाच्या स्निग्धांशात उतरतं आणि फिरून आपल्याच लेकरांच्या पेल्यात येतं. माणसाच्या शरीरात गेलेलं डायॉक्सिन निम्मं व्हायलाच सात ते अकरा वर्षं लागतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि चुलीपाशी सगळ्यात जास्त वेळ कोण बसतं? आपण. आपल्या मांडीशी कोण असतं? दात घासत, ऊब घेत बसलेलं लेकरू.

म्हणून आमच्या गटातल्या बायकांनी पेटवणाचा वेगळा डबाच करून ठेवला आहे. त्यात वाळलेल्या नारळाच्या शेंड्या, भुईमुगाची टरफलं, पळसाची वाळकी पानं, कणसाची बुरकुंडं. पावसाळ्याआधी एक पोतं भरून कोरड्या जागी टांगलं की चार महिने काळजी नाही. शेंडीला काडी लावा, वर दोन बारीक तुराट्या, दोन मिनिटांत चूल पेटते. शिवाय चुलीची राख शुद्ध राहते. ती भांडी घासायला चालते, परसातल्या वांग्या-मिरचीला घालता येते. पन्नी जाळलेल्या चुलीची राख मात्र ह्यातल्या कशालाही वापरू नये.

राहिला प्रश्न पन्नीचा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो एवढासा तुकडा कुणीच गोळा करत नाही आणि थेट नालीत जातो. पिशवी धुऊन, वाळवून एका पोत्यात साठवा. स्वच्छ आणि कोरडी असेल तर भंगारवाला घेतो. खरकटी, चिकट असेल तर कुणीच घेत नाही. सगळा फरक त्या दोन पाण्यांत आहे.

आणि एक गोष्ट तर हात जोडून सांगते. उरलेली भाजी-पोळी पन्नीत गाठ मारून उकिरड्यावर टाकू नका. गाईला गाठ सोडता येत नाही. तिला वास येतो तो भाकरीचा, ती पिशवीसकट गिळते. तिच्या पहिल्या पोटात प्लास्टिक जिरत नाही आणि पुढंही सरकत नाही, साठत जातं. 2021 साली हरियाणातल्या फरिदाबादला एका गाभण गाईच्या पोटातून डॉक्टरांनी 71 किलो कचरा काढला, बहुतेक प्लास्टिकच. गाय वाचली नाही, वासरूही नाही. पोळ्याला बैलांची पूजा करणारे, वसुबारसेला गाय-वासरू ओवाळणारे आपण. खरकटं उघडं टाका, टोपल्यात टाका, पण गाठ मारून नको.

त्याहून चांगलं म्हणजे ओला कचरा घराबाहेर जाऊच द्यायचा नाही. फुटका माठ प्रत्येक घरात असतो. त्याच्या बुडाला चार भोकं पाडा, खाली वाळक्या पानांचा थर, त्यावर भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, वर मूठभर माती आणि थोडं शेण नाहीतर आंबट ताक. पुन्हा पानांचा थर. वास यायला लागला तर समजावं की ओलं जास्त झालं, कोरडी पानं वाढवावीत. आमच्याकडच्या उन्हाळ्यात उलटं होतं, सगळं वाळून कोळ होतं. मग माठ सावलीत ठेवून अधूनमधून पाण्याचा हबका मारायचा. दोन महिन्यांत काळं, मातीचा वास येणारं खत तयार! सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेनं हेच काम गावाच्या पातळीवर करून दाखवलं. तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथं घराघरातून कचरा वेगळा करून घेतला, ओल्याचं खत आणि गॅस केला, प्लास्टिक बारीक करून रस्त्यात वापरलं. जिथं नाक दाबून जावं लागायचं, त्या कचरा डेपोला बाहेरगावचे लोक भेट द्यायला जाऊ लागले.

आता पंगतीबद्दल बोलू. लग्न, वास्तुशांती, सप्ताह, भंडारा, आपल्याकडे वर्षभर काही ना काही चालूच असतं. पूर्वी पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण असायचे. जेवण झालं की उकिरड्यात पडायचे आणि पावसाळ्यात त्यांची माती व्हायची. मग थर्माकोलच्या ताटल्या आल्या. महाराष्ट्र सरकारनं 23 मार्च 2018 ला अधिसूचना काढून त्यांच्यावर आणि पातळ प्लास्टिकच्या पेल्या-चमच्यांवर बंदी घातली. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार दंड आणि तीन महिने कैद अशी तरतूद केली. 1 जुलै 2022 पासून तर अशा एकदाच वापरायच्या कितीतरी वस्तूंवर देशभर बंदी आहे. तरीही भंडाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेर फेरी मारा, कायदा कुठं गेला ते दिसेल! तो ढीग पहिल्या पावसात नालीतून ओढ्याला, ओढ्यातून कयाधूला जातो. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला आणि गोदावरी समुद्राला. आपल्या दारातली एक ताटली आंध्रपर्यंत जाऊ शकते.

काही बायका म्हणतात, "आम्ही कागदी कप वापरतो, प्लास्टिक नाही." पण कागदात चहा टिकतो कसा? आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो म्हणून. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये तपासून पाहिलं. अशा कपात शंभर मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे 25 हजार सूक्ष्म कण उतरतात. हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीला आपण मसाला दुधाबरोबर हे देतो.

यावर आमच्या गटानं काढलेला तोडगा म्हणजे भांडी. दर महिन्याच्या बचतीतून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून स्टीलची ताटं, वाट्या आणि पेले घेतले. ज्या घरी कार्य असेल ते घर नाममात्र भाडं देऊन घेऊन जातं. हरवलं तर भरून द्यायचं. हिशेबाची वही एकीकडे, भांडी दुसरीकडे, म्हणजे भांडण नको!

पण पहिल्याच बैठकीत एका सुनेनं उभं राहून जे विचारलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ती म्हणाली, "ताई, ताटं आणाल, पण घासायची कुणी? पन्नीची ताटली फेकली की सुटलो. दोनशे ताटं घासायला पुन्हा आम्हीच का?" सगळ्याजणी गप्प झाल्या. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पर्यावरणाच्या नावानं जेवढे उपाय सुचवले जातात ना, त्यातल्या बहुतेकांचं ओझं फिरून बाईच्याच कमरेवर येतं. कापडी पिशवी तिनं शिवायची, कचरा तिनं निवडायचा, पाणी तिनं वाचवायचं. असं असेल तर कुठलाच उपाय टिकणार नाही, आणि टिकूही नये.

उत्तर आम्हाला आमच्या शेजारीच सापडलं. नांदेडला हजूर साहिब सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये ज्या जेवल्या असतील त्यांनी पाहिलंच असेल. रोज एवढी माणसं स्टीलच्या थाळीत जेवतात आणि थाळ्या घासायला चांगले धडधाकट पुरुष, पोरं रांगेनं उभी असतात. ती सेवा समजली जाते, कमीपणा नाही. मग आमच्याकडे नियम ठरला. भांडी हवी असतील तर घासायला घरातले निम्मे पुरुष हवेत, नाहीतर भांडी मिळणार नाहीत. सुरुवातीला हसले सगळे. एक काका म्हणाले, "आता हेच राहिलं होतं." पण भाड्याचे पैसे वाचतात म्हटल्यावर हसणं कमी झालं. सगळीकडे नियम पाळला जातो असं मी म्हणणार नाही. काही घरी पुरुष दोन ताटं घासतात, फोटो काढतात आणि निघून जातात. पण गल्लीतल्या तरुण पोरांना मात्र ह्या कामाची लाज वाटेनाशी झाली आहे.

आणखी एक विषय, ज्याबद्दल आपण दार लावून बोलतो. पाळीचे पॅड. बाजारातल्या पॅडमध्ये बराच भाग प्लास्टिकचा असतो, म्हणून तो कुजत नाही. छोट्या गावात तो टाकायचा कुठं, हा प्रश्न प्रत्येक लेकीला पडतो. मग अंधार पडल्यावर नालीत नाहीतर शौचालयाच्या भांड्यात! तिथं तुंबलं की उपसायला माणूसच उतरतो. पुण्यात 2008 पासून महापालिकेच्या सोबतीनं घरोघरचा कचरा उचलणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायकांनी एक साधी विनंती केली होती. पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा हात त्यात जाणार नाही. लाल ठिपका काढायला काय लागतं? ज्यांना कापड चालतं त्यांनी सुती कापडाचे शिवलेले पॅड वापरायला हरकत नाही, पण अट एकच. ते साबणानं धुऊन कडक उन्हात वाळले पाहिजेत. साडीखाली, कपाटामागं लपवून ओलसर ठेवलेलं कापड आजार देतं. दोरीवर वाळत घालायची हिंमत आधी, कापड नंतर.

पाण्याचं मराठवाड्यातल्या बाईला मी काय शिकवणार! एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण पाहिलं आहे. फक्त दोन हिशेब सांगते. विसेक थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला चार लिटरच्या वर पाणी घालवतो. वायसर बदलायला थोडेच पैसे लागतात. आणि पाचशे चौरस फुटांच्या स्लॅबवर दहा मिलिमीटरची एक सर पडली की सुमारे साडेचारशे लिटर पाणी उतरतं. पहिले दोन पाऊस छत धुऊन जाऊ द्या, मग पन्हाळीला पाइप लावून टाकीत नाहीतर बोअरच्या शेजारच्या शोषखड्ड्यात सोडा. घरात आरओ मशीन असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, शौचालयात वापरा. ग्लासभर शुद्ध पाण्यामागं तीन ग्लास तरी वाया जातं.

संक्रांतीचं वाण हा आमच्या गटाचा सध्याचा वादाचा मुद्दा आहे. चाळण्या, डब्या, साबणाच्या पेट्या, सगळं प्लास्टिकचं, आठवड्यात तुटतं. गेल्या खेपेला काहीजणींनी कागदाच्या पुड्यांतून घरच्या गवारीचं, दोडक्याचं, वालाचं बी दिलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना असंच बी जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, हे सांगितल्यावर ज्या नाक मुरडत होत्या त्यांनीही पुडी कनवटीला लावली. ज्येष्ठात पाऊस पडल्यावर कुणाच्या परसात काय उगवलं याची चौकशी सुरू झाली. दोडका सगळ्यांचा वेलावर चढला. वालाला मावा लागला, त्यावर कडुनिंबाचा अर्क फवारायचं ठरलं आहे. यंदा पुडीत वसमतची हळद द्यायची की पुन्हा बी, यावर पुढच्या बैठकीत मतदान आहे. चहा अर्थातच स्टीलच्या पेल्यात आणि पेले घासायची पाळी ह्यावेळी आमच्या घरच्या मंडळींची आहे.