फरशीखालचं कुटुंब

सकाळी 7:30
इंग्लंडमधलं एक खेडं, त्यातलं जुनं पॅरिश चर्च. फरशी एका बाजूला खचली आहे आणि मंडळींना जमिनीखालून हीटिंगचे पाईप टाकायचे आहेत. पाईप जायचे नेमके तिथेच गावच्या जमीनदार घराण्याचं दफनघर आहे, इथल्या भाषेत व्हॉल्ट. कमान धड आहे का, आत काय आहे आणि पाईप जाईल का, एवढं आमच्या पाहणी-पथकाने सांगायचं. चर्च ऑफ इंग्लंडच्या वास्तूत असलं काम करायचं तर बिशपच्या प्रांताच्या धर्मन्यायालयाची लेखी परवानगी लागते. तिचं नाव फॅकल्टी. आमच्या फॅकल्टीत ‘पाहणी’ असं लिहिलंय. म्हणजे शवपेट्या उघडणं नाही, हलवणंही नाही.

8:45
फरशीच्या सांध्यातून बोटभर भोक पाडून आधी कॅमेरा सोडला. खाली विटांची अर्धगोल कमान दिसली आणि एकावर एक रचलेल्या पेट्या. मग व्हिकरबाईंनी, म्हणजे इथल्या धर्मगुरूंनी, छोटी प्रार्थना म्हटली आणि गवंड्याने पायऱ्यांवरची शिळा सरकवली. लगेच उतरायचं नसतं. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला की आमचा मीटर बोंबलायला लागतो. तो बोंबलला. पंखा लावून चहा प्यायलो. या धंद्यात चहाला सुरक्षेच्या नियमांचा भक्कम आधार आहे!

10:15
पांढरा सूट, दुहेरी हातमोजे, तोंडावर घट्ट मास्क. भीती मुडद्यांची नाही, शिशाची आहे. जुन्या शिशावर पांढरी भुकटी धरते आणि ती श्वासातून आत गेली तर वाईट. वर एक जण सतत उभा असतो. त्याने फोनकडेही पाहायचं नाही.

अठराव्या शतकातल्या श्रीमंताची पेटी बहुधा तिहेरी असायची. आत एल्मच्या लाकडाची पेटी, तिच्यावर शिशाचे पत्रे डाख देऊन बंद केलेलं कवच (हे काम प्लंबरचं), आणि त्यावर पुन्हा लाकडी पेटी, मखमल मढवलेली. ओल आली की बाहेरचं लाकूड आधी कुजतं. वर तीन-चार पेट्यांचं ओझं असलं की खालचं शिसं चेपून आडवं होतं. इथे अगदी खालची रांग अशीच बसली आहे. एका कवचाला चीर गेली असून बाजूला काळपट, चिकट डाग वाळलाय. त्याला हात लावायचा नाही, फोटो काढून नोंद करायची.

वरच्या पेटीची मखमल मात्र टिकली आहे. मूळची किरमिजी असावी, आता चहाच्या चोथ्यासारखी दिसते. कडेने पितळी खिळ्यांच्या दुहेरी रांगा आहेत. दिवा तिरपा धरला तर खिळ्यांच्या टोप्या अजून पिवळ्या चमकतात. मखमल जिथे सुटलीये तिथे तिच्या आतल्या बाजूला मूळ रंग बोटभर दिसतो. दिवे एलईडीच वापरतो, उष्णतेने कापड ठिसूळ होतं. शिळा उघडी राहील तितकी आतली हवा कोरडी पडत जाते, त्यामुळे घाईने, पण शांतपणे काम करावं लागतं.

12:30
स्कॅनर तिकाटण्यावर फिरत असताना मी पाट्या वाचते. शिशाच्या कवचावर बहुधा नाव, मृत्यूची तारीख आणि वय कोरलेली पाटी असते. तिचं मोल 1984 ते 1986 मध्ये लंडनच्या क्राइस्ट चर्च, स्पिटलफील्ड्सच्या तळघरात कळलं. तिथे हजाराच्या आसपास दफनं उपसली गेली. त्यातल्या 387 जणांची नावं आणि वयं पाट्यांमुळे ठाऊक होती, म्हणून हाडांवरून वय ठरवण्याच्या पद्धती पडताळता आल्या. म्हातारी माणसं हाडांवरून तरुण ठरली आणि तरुण मोठी. तेव्हापासून ‘सांगाड्याचं वय पन्नास’ असं कुणी छातीठोकपणे बोललं की मी ऐकून घेते, मानत नाही.

2:00
वर भिंतीवर संगमरवरी स्मारक आहे, ते शांतपणे वाचलं. खालची यादी हातात होतीच. दोन्ही जुळत नाहीत. स्मारकावर कर्ते पुरुष, त्यांच्या बायका आणि भारतात वारलेला एक मुलगा. अशा पाट्यांवर पुणे, मुंबई, मद्रास ही नावं सर्रास भेटतात. देह तिकडे, संगमरवर इकडे. तो मुलगा अर्थातच खाली नाही. उलट खाली तीन लहानग्या पेट्या आहेत, मोठ्यांच्या पेट्यांवर आडव्या ठेवलेल्या. एकीच्या पाटीवर वय नऊ महिने. त्यांचा वर उल्लेखच नाही. घराण्याची वंशावळ लिहिणाऱ्यांनी स्मारकापाशीच न थांबता खाली यावं, असं मला दर वेळी वाटतं.

3:30
इंजिनिअर उतरला. कमानीचा चुना मधोमध सुटलाय, दोन विटा लोंबतायत. म्हणजे फरशी खचण्याचं कारण हेच. दुरुस्ती चुन्यानेच व्हायला हवी. सिमेंट लावलं तर ओल विटांतच कोंडेल.

5:15
सूट उलटे गुंडाळून पिशवीत, हात साबणाने, मग पुन्हा हात. शिळा जागेवर बसली. चर्चच्या पंचकमिटीच्या खजिनदारांनी गाठलंच: पाईप जाईल ना? म्हटलं, व्हॉल्टवरून नाही, उत्तरेच्या बाजूने वळसा घालून न्या. त्यांनी खिशातून कॅल्क्युलेटर काढला आणि वळशाला फुटामागे किती पडतील ते विचारायला ते इंजिनिअरच्या मागे निघाले.