खिडकी-बदलाचे कळसंयोग

संगणकाच्या पडद्यावर उघडलेल्या अनेक खिडक्यांपैकी हवी ती पुढे आणण्यासाठी कळफलकावरील दोन वा अधिक कळा एकत्र दाबण्याचा जो संकेत असतो, त्यास खिडकी-बदलाचा कळसंयोग म्हणतात. असे संयोग संगणक प्रणालीत आधीच ठरवून दिलेले असतात. पुष्कळ वापरकर्ते ते बदलीत नाहीत. म्हणून त्यांची मूळ निवडच निर्दोष असावी लागते.

‘विंडोज’ प्रणालीत ऑल्ट कळ दाबून ठेवून टॅब दाबल्यास लगतपूर्वी वापरलेली खिडकी पुढे येते. खिडक्यांचा क्रम अलीकडील वापरावरून ठरत असल्याने दोन खिडक्यांत ये-जा करणे सुलभ होते. सोबत शिफ्ट दाबल्यास क्रम उलटतो. ‘मॅकिंटॉश’ संगणकांत कमांड व टॅब यांनी खिडकी नव्हे, तर आज्ञावली बदलते. एकाच आज्ञावलीच्या खिडक्यांसाठी वेगळा संयोग असतो. ‘ग्नोम’च्या तिसऱ्या आवृत्तीने (२०११) अशीच विभागणी स्वीकारली व दुसऱ्या कामासाठी टॅबच्या वरची कळ योजिली.

दोन लिप्यांत काम करणाऱ्यास आणखी एक अडचण येते. भवानीनगर (ता. इंदापूर, जि. पुणे) यासारख्या साखर कारखान्याच्या गावातील लिपिकाचे उदाहरण घेता येईल. उसाच्या वजनांचा तक्ता एका खिडकीत रोमन लिपीत व शेतकऱ्यास पाठवावयाचे पत्र दुसरीत देवनागरीत असल्यास त्याला खिडकी व लिपी दोन्ही वारंवार बदलाव्या लागतात. लिपी-बदलासाठी ऑल्ट व शिफ्ट हा संयोग रूढ आहे. उलट क्रमाने खिडकी-बदल करतानाही याच दोन कळा टॅबसोबत दाबाव्या लागतात. त्यामुळे काही प्रणालींत खिडकी बदलताना नकळत लिपीही बदलते आणि आकड्यांचा तक्ता वा पत्र बिघडते. ‘विंडोज’च्या आठव्या आवृत्तीत (२०१२) लिपी-बदलासाठी विंडोज कळ व स्पेस कळ हा स्वतंत्र संयोग देण्यात आला.

दुसरा दोष अक्षरांशी निगडित आहे. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या मानकात समाविष्ट असलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत रोमन ‘के’च्या कळेवर ‘क’ व ‘डी’च्या कळेवर हलन्तचिन्ह येते. म्हणून अक्षरावरून ठरविलेला संयोग लिपी बदलताच निष्फळ ठरू शकतो. कळेच्या जागेवरून ठरविलेला मात्र टिकतो. ‘ग्नोम’मधील टॅबच्या वरची कळ अशी जागेवरूनच ओळखली जाते.

सारांश, मूळ संयोग ठरविताना तो कळेच्या जागेशी बांधलेला असावा, लिपी-बदलाच्या संयोगाशी त्याची गल्लत होऊ नये आणि वापरकर्त्यास तो सहज बदलता यावा, ही तीन पथ्ये पाळणे इष्ट होय.