वाटाण्याचा धडा

धान्याच्या पेढीवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांस दाण्याचे मोल सांगावयास नको. त्या दाण्यातील अनुवंशाचे रहस्य ब्रनो येथील मठवासी ग्रेगर मेंडेल यांनी १८६५ साली मांडले. गोल व सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकरातून प्रथम सारे दाणे गोलच निपजले. परंतु पुढील पिढीत ५,४७४ गोल दाण्यांबरोबर १,८५० सुरकुतलेले निघाले. सुरकुती नष्ट झाली नव्हती, केवळ झाकली गेली होती.

मनुष्यासही बहुतेक जनुकांची एक प्रत मातेकडून व एक पित्याकडून लाभते. थॅलसेमियाची एकच सदोष प्रत असणारा वाहक सहसा निरोगीच दिसतो. पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास मात्र प्रत्येक अपत्यास हा रक्तविकार जडण्याचा संभव चारांत एक असतो. वारंवार परके रक्त घेणारे असे एक बालक मी आप्ताच्या घरी पाहिले आहे.

आपल्या सोयरिकी बहुधा ज्ञातीतच होतात. त्यामुळे तोच झाकलेला दोष उभय घरी असण्याचा संभव वाढतो. हिमोग्लोबिनच्या तपासणीने तो विवाहापूर्वी कळू शकतो. वाहक असणे हा कलंक नव्हे. सोयरीक हा सौदा नव्हे हे खरे. तथापि नमुना पाहिल्यावाचून पोते न उचलणाऱ्या आपण, पत्रिकेसोबत रक्ताचा अहवाल पाहण्यास संकोच कां करावा?