तालमीतला विचार, गळ्यातला भाव

‘भाव हा उपजत असतो, तो शिकवता येत नाही,’ असं आमच्या क्षेत्रातली वजनदार मंडळी प्रत्येक परिसंवादात सांगतात आणि त्यावर टाळ्याही पडतात. उभा जन्म विद्यार्थ्यांसमोर तंबोरा धरून गेल्यावर मला हे विधान गुरूची जबाबदारी झटकणारं वाटतं. भाव शिकवता येतो. मात्र तो विचाराच्या वाटेनंच शिकवावा लागतो.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि भातखंड्यांनी चिजा स्वरलिपीत बांधून छापल्या. या साऱ्यावर भरपूर लिहून झालं आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की, विद्या चार भिंतींच्या वर्गात आली तेव्हा ती हजारो घरांत पोचली, पण ‘हा स्वर इथं का?’ हा प्रश्न वर्गाच्या वेळापत्रकात बसेना.

या प्रश्नाला घर मिळालं ते मुंबईतल्या ऑपेरा हाउसजवळच्या देवधर मास्तरांच्या शाळेत. प्रा. बी. आर. देवधर पलुस्करांचे शिष्य, पण कान सगळ्या घराण्यांसाठी उघडे. पाश्चात्त्य संगीत अभ्यासलेले. आवाज कसा लागतो, कुठे अडतो, याचा शास्त्रशुद्ध विचार आपल्याकडे त्यांनी फार लवकर केला. याच शाळेत लहानगा कुमार गंधर्व वाढला. ज्या मुलाला मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाता येत होत्या, त्याला नकलेपलीकडे जायला कोणी शिकवलं, हे कुमारजींच्या प्रतिभेबद्दल बोलताना लोक सोयीनं विसरतात. रागाकडे चहूबाजूंनी पाहायची सवय त्यांना इथं लागली. पुढे माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनी धुनउगम राग काढले, त्यामागे ही सवय होती.

दुसरं उदाहरण मोगूबाई कुर्डीकरांचं. माई स्थायी-अंतरा दोनदाच गाऊन दाखवायच्या, तिसऱ्यांदा नाही, असं त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकरांनी मुलाखतींत सांगितलं आहे. काहींना यात कठोरपणा दिसतो. मला त्यात एकाग्रतेचं शिक्षण दिसतं. दोनदाच मिळणार म्हटल्यावर कान प्रत्येक कणस्वराचा माग काढतो. त्या शिस्तीवर उभं राहून ताईंनी पुढे रागाच्या भावाचा ध्यास घेतला, ‘स्वरार्थरमणी’ लिहिलं. त्यांना नुसतं ‘भावनाप्रधान’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी त्यांची तालीम पाहिलेलीच नाही.

वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त सुराचं एक टोक आणि लयीचं दुसरं टोक मानून घराणी लावली. मांडणी मोलाची. तिचा आधार घेऊन पुढच्यांनी मात्र सूर म्हणजे भावना, लय म्हणजे बुद्धी, अशी वाटणी केली आणि किराण्याला हृदय, आग्र्याला डोकं वाटून दिलं. मग आग्र्याच्या फैयाजखाँसाहेबांची पुकार कुठे ठेवायची?

माझ्याकडची एक मुलगी मारवा शिकत होती. स्वर चोख, पण मारवा काही दिसेना. मारवा, पूरिया आणि सोहनी, तिघांचे स्वर तेच. पंचम तिघांतही नाही. तिला मी ‘करुण गा’ म्हटलं नाही. म्हटलं, षड्जावर बसायचं नाही, रिषभ-धैवतावरच राहा. दोन-तीन आलापांनंतर ती कासावीस झाली. ‘सर, सा कधी घेऊ?’ ‘आत्ता नको.’ मग पेटीवर तिला दोन जोड्या ऐकवल्या. पूरियातल्या गंधार-निषादात षड्ज-पंचमभाव आहे, म्हणून तो राग स्थिरावतो. मारव्याच्या कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतात तो नाही, म्हणून कानाला कुठे टेकायलाच मिळत नाही. तिनं पुन्हा धैवत लावला आणि बऱ्याच वेळानं षड्ज घेतला, तेव्हा बाहेर बसलेली तिची आई दारात येऊन उभी राहिली.

आज काय चाललं आहे? मोबाइलवरून किशोरीताईंचं ‘सहेला रे’ उतरवलेला विद्यार्थी त्यांनी जिथं श्वास घेतला तिथंच श्वास घेतो. का, ते त्याला ठाऊक नसतं. दूरचित्रवाणीच्या स्पर्धांत मुलांना हात कसा उचलायचा, डोळे कधी मिटायचे हे शिकवतात आणि त्याला भाव म्हणतात. विशारदच्या परीक्षेत मी पाठ केलेल्या आलापांपाठोपाठ पाठ केलेल्या ताना ऐकतो. विद्यार्थ्याला मध्येच थांबवून ‘आता याच जागेवरून वेगळं काही गा’ म्हटलं, तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. दोष मुलांचा नाही. त्यांना कोणी तसं थांबवलेलंच नसतं.

परीक्षेत एक राग द्यावा, ताना बंद ठेवाव्यात, नुसती बढत करायला लावावी आणि मग दोन जागांबद्दल ‘हे असं का गायलंस?’ असं विचारावं, ही सूचना मी एका परीक्षा समितीकडे लेखी दिली होती. एका विद्यार्थ्याला एवढा वेळ देणं शक्य नाही, असं उत्तर आलं. सूचना मी मागे घेतलेली नाही. दिवाळीनंतरच्या बैठकीत ती पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी मारवा गाणाऱ्या त्या मुलीला सोबत नेणार आहे.