गेम परत मिळतो, सेव्हचं काय?

डोंबिवलीतल्या माझ्या दुकानात कन्सोल दुरुस्तीला आला की मी आधी विचारतो, "सेव्हचा बॅकअप आहे का?" पुष्कळ पोरं बॅगेतून हार्ड डिस्क काढून दाखवतात. "दादा, सगळं यात आहे." प्लेस्टेशन 5 असेल तर मला सांगावं लागतं की यात गेम आहेत, सेव्ह नाहीत.

डिस्क घ्यावी लागते ती जागेसाठी. पहिल्या प्लेस्टेशन 5 ची एसएसडी 825 जीबीची, त्यातली साधारण 667 जीबी आपल्या हाती येते. मोठे गेम 100 जीबीच्या पुढे जातात, तेव्हा पाच-सहा टाकले की संपलं. 40 एमबीपीएसच्या नेटवर 100 जीबी उतरायला साडेपाच तासांच्या वर लागतात. तोच गेम हार्ड डिस्कवरून आत घ्यायला बहुधा अर्धा तासही लागत नाही. एवढ्यासाठी डिस्क घेणं मला पटतं. फक्त ती किमान 250 जीबीची आणि वेगवान यूएसबीची हवी, आणि मधे हब न घालता थेट कन्सोलला जोडायला हवी. जोडल्यावर कन्सोल ती फॉरमॅट करतो, म्हणजे आधीचं सगळं पुसतो. लग्नाचे फोटो असलेली डिस्क कृपा करून लावू नका.

पीएस4 चे गेम या डिस्कवरून थेट चालतात. पीएस5 चे तिथे नुसते ठेवता येतात, आणि ही सोयसुद्धा एप्रिल 2021 च्या अपडेटनंतर आली. खेळायचं तर गेम आत आणावा लागतो, कारण ते आतल्या एसएसडीचा वेग धरूनच बनवलेले असतात. बाहेरच्या डिस्कला तो वेग झेपत नाही. रोज ने-आण नको असेल तर कन्सोलच्या आत एम.2 एसएसडी बसवून घ्या.

आता सेव्ह. गेम कुठेही ठेवा, सेव्ह कन्सोलच्या आतल्या मेमरीतच राहतं. प्लेस्टेशन 5 मध्ये ही मेमरी मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. एका मुलाच्या घरी व्होल्टेज वाढून कन्सोलचा बोर्ड जळला. गेम सगळे डिस्कवर शाबूत होते, पण दोघा भावांनी मिळून सुट्टीभर खेळलेला प्रवास गेला. धाकटा काउंटरपाशी उभा राहून विचारत होता, "थोडं तरी निघेल ना?" निघालं नाही. गेम पुन्हा विकत मिळतो, पुन्हा उतरवता येतो. त्यांनी खेळलेलं कुठल्याच दुकानात मिळत नाही.

पीएस4 च्या गेमचे सेव्ह साध्या पेनड्राइव्हवर कॉपी होतात. मात्र गेमसाठी फॉरमॅट केलेली डिस्क त्याला चालत नाही, पेनड्राइव्ह वेगळाच लागतो. पीएस5 च्या गेमचं एखादं सेव्ह असं उचलून नेता येत नाही. ही सोय ठेवायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. प्लेस्टेशन प्लस घेतलं असेल तर सेव्ह क्लाउडवर जातात. ऑटो सिंक चालू आहे ना, तेवढं पाहा. प्लस घेतलं नसेल तर सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'खाली बॅकअपचा पर्याय आहे, त्यात सेव्ह यूएसबी ड्राइव्हवर घेता येतात. हा बॅकअप परत घालताना मात्र कन्सोलवरचं असेल ते सगळं पुसलं जातं, म्हणून ते काम घाईत करू नका. आणि कन्सोल दुरुस्तीला द्यायचा असेल, नि तो अजून चालू होत असेल, तर बॅकअप घरीच घेऊन मग या.